गोगलगायीला सहा पाय

पान एकशे बारावर त्याने गोगलगायीला सहा पाय दिले.

आधी दोन देऊन बघावेत की एकदम सहा, यावर त्याचा बराच वेळ गेला होता. पण दोन पाय सरांच्या नजरेतून सहज निसटले असते. सहा म्हणजे कसे, डोळ्यांत खुपतील. वाक्य असं जमलं: ‘थंडीची चाहूल लागताच गोगलगाय आपले सहाही पाय पोटाशी घेऊन शंखात शिरते.’ त्याने ते दोनदा वाचलं. गेल्या आठ वर्षांत इतकं ठाम वाक्य त्याच्या हातून उतरलं नव्हतं. मग प्रबंधाची ती प्रत बगलेत न मारता, एक हात पोटाशी धरून, जपून उचलली आणि तो सरांच्या खोलीकडे निघाला.

विभागात सगळे त्याला आजोबा म्हणत. वय चौतीस. त्याच्याबरोबर संशोधनाला लागलेले केव्हाच पदव्या घेऊन गेले, नोकरीला चिकटले, त्यांची लग्नं झाली. एकाचा तर घटस्फोटही होऊन गेला. आजोबा मात्र अजून त्याच टेबलाशी, त्याच काचेच्या पेट्यांपुढे, झोपलेल्या गोगलगायींची वजनं करत बसलेला. विषयच तसा होता. गोगलगाय शंखाच्या तोंडाशी पातळ पडदा ओढून महिनोन् महिने झोपते, आणि ती उठेपर्यंत संशोधकाला करण्यासारखं काही नसतं.

खरं तर प्रबंध पूर्ण झाला होता. तीच तर पंचाईत होती.

मागच्या वर्षी कच्च्या मसुद्याच्या पाच प्रती एकदम उचलताना त्याच्या पोटात काहीतरी सटकलं. डॉक्टर म्हणाले, हर्निया. घाबरण्यासारखं नाही, पण शस्त्रक्रिया करावी लागेल. तारीख आत्ता कुठे मिळाली, ती पुढच्या महिन्याच्या बारा तारखेची. आणि संशोधक विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा प्रबंध सादर करेपर्यंतच चालायचा. ज्या दिवशी प्रबंध सादर, त्या दिवशी विमा बंद. म्हणजे शिकत असेपर्यंत माणसाला आजारी पडायची मुभा होती. शिकून झाल्यावर त्याने ठणठणीत असायचं. त्यातून सर या महिनाअखेर निवृत्त होत होते आणि जाण्यापूर्वी त्यांना आपले सगळे विद्यार्थी मार्गी लावायचे होते. सगळे म्हणजे आजोबा. बाकी कोणी उरलं नव्हतं.

त्याने सरांना सरळ सांगून पाहिलं होतं.

“हर्निया?” सर म्हणाले होते. “मला दोन झालेत. आधी सादर कर.”

आता एकच वाट होती. मार्गदर्शकाने ‘प्रबंध अपूर्ण आहे’ असं पत्र दिलं, तर विम्याला मुदतवाढ मिळायची. आणि सर पत्र देणार कधी, तर प्रबंधात चुका सापडल्या तर. म्हणून हे सहा पाय.

तीन दिवसांनी तो सरांच्या खोलीत गेला तेव्हा सर पुस्तकं खोक्यांत भरत होते.

“वाचलं,” सर म्हणाले. “छान आहे.”

“सर, ते एकशे बारा पान जरा...”

“तेही छान आहे. ती दोरी दे इकडे.”

त्याने दोरी दिली आणि प्रत परत नेली. चूक फार लहान झाली असणार. त्याने एकशे चाळीसवर गोगलगायीला पंख फुटल्याची नोंद केली. एकशे एकावन्नवर ती संध्याकाळी मोठ्याने हाका मारते असं लिहिलं. आणि पान एकशे त्रेसष्टवर, आता मागे हटायचं नाही म्हणून: ‘दुपारी दोन ते चार या वेळेत गोगलगाय विद्यार्थ्यांना भेटू शकत नाही, कारण तेव्हा तिची मीटिंग असते.’

या वेळी सरांनी प्रत दोनच दिवसांत परत केली. पहिल्या पानावर लाल शाईत ‘छान’ होतं.

“भाषा सुधारलीये रे तुझी,” सर म्हणाले. “तीस तारखेच्या आत देऊन टाक. माझ्या निरोपाच्या भाषणात तुझं नाव घ्यायचंय मला.”

तो जिना उतरायला लागला आणि मधल्या पायरीवर बसला. पोट दुखत होतं म्हणून बसला असं त्याने स्वतःला सांगितलं. तिसरं प्रकरण त्याने दोन हिवाळे खपून लिहिलं होतं. त्यावर सरांनी ‘छान’ लिहिलं, तेव्हा तो आठवडाभर हवेत होता. आईला फोन करून सांगितलं, आईने शेजारी सांगितलं. तो ‘छान’ आणि हा ‘छान’, अक्षर एकच होतं. शाईही तीच असावी.

आठ वर्षांत त्याचं एक पानही कोणी वाचलं नव्हतं.

खाली उतरून त्याने समुपदेशन केंद्राला फोन लावला. विद्यार्थ्यांसाठी ही सोय मोफत होती. ध्वनिमुद्रित बाई मायेने म्हणाल्या, “तुम्ही एकटे नाही आहात. तुमच्या आधी एकशे चाळीस जण रांगेत आहेत.” त्याने थोडा वेळ संगीत ऐकलं. मग फोन ठेवून तो विमा कार्यालयात गेला, कारण तिथे निदान टोकन मिळायचं.

चार नंबरच्या खिडकीत चष्मा नाकावर उतरलेल्या एक बाई होत्या. त्यांनी त्याचा अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. खालच्या बारीक अक्षरातल्या सूचनाही वाचल्या, ज्या बहुधा त्यांनी रोज पन्नासदा वाचल्या असतील.

“मार्गदर्शकाचं पत्र कुठाय?”

“ते देत नाहीत, मॅडम. म्हणतात प्रबंध पूर्ण आहे.”

“मग पूर्ण असेल.”

“नाही ना. त्यात चुका आहेत.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“मीच केल्यात.”

बाईंनी चष्मा वर सरकवून त्याच्याकडे पाहिलं. मागे टोकन नंबर एकावन्नवाला खाकरला.

“थांबा हो जरा,” बाई खाकरणाऱ्याला म्हणाल्या. “इथे माणूस चुका कबूल करतोय.” मग त्यांनी एक जाडं नियमांचं पुस्तक काढलं आणि पानं उलटत राहिल्या. “हे बघा. नियम नऊ, पोटनियम क. मार्गदर्शकाचं पत्र नसल्यास प्रबंधाची प्रत जोडावी. तो अपूर्ण असल्याची खात्री कार्यालय करील.”

“कार्यालय म्हणजे कोण?”

बाईंनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. दोन्हीकडच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

“मी,” त्या म्हणाल्या. “ठेवा इथे. किती पानं आहेत?”

“दोनशे चौदा.”

“अगं बाई.”

त्याने प्रत ठेवली आणि तो निघून आला. त्याची काही अपेक्षा नव्हती. एका माणसाने आठ वर्षं वाचलं नाही, ते दुसरं कोणी डबा खाता खाता वाचेल हे कशावरून?

नवव्या दिवशी बाईंचा फोन आला. “दुपारी या. टोकन घेऊ नका, सरळ खिडकीशी या.”

तो गेला. त्याच्या प्रबंधातून जुन्या टोकनांचे कागद जागोजागी बाहेर डोकावत होते. एका पानावर तेलाचा डाग पडला होता. बाई त्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

“पान एकशे बारा,” त्यांनी सुरुवात केली. “गोगलगायीला पाय नसतात हो.”

“नसतात,” तो म्हणाला.

“पंख नसतात. हाका मारत नाही. मीटिंगला जात नाही. मीटिंगचं वाचून मला ठसका लागला, शेजारच्या खात्यातला शिपाई पाणी घेऊन आला.” बाईंनी कागद एकेक करून काढून टाकले. “पण हे काही धरता येणार नाही. हे तुम्ही हट्टाने घातलंय. हे काढलं की प्रबंध होता तसा होतो. याला अपूर्ण म्हणत नाहीत.”

“मग?” त्याने विचारलं.

“मग हे.” एकच कागद उरला होता. पान सदतीस. “ही सत्तावीस नंबरची. तिसऱ्या हिवाळ्यानंतर सगळ्या उठल्या, ही उठली नाही. चौथ्यानंतर उठली, अर्धं पान खाल्लं आणि परत झोपली. तुम्ही लिहिलंय, हिचं वजन दर सोमवारी केलं. पाचव्या वर्षाच्या मध्यापर्यंत केलं. पुढे?”

त्याने पानाची दुमडलेली कड सरळ केली.

“सव्वीसचं लिहिलंय, मेली. अठ्ठावीसचं लिहिलंय, उठली. सत्तावीसचं काहीच नाही. मी मागची यादी पण पाहिली. नऊ दिवस वाचतेय मी हे. शेवटी काय होतं हिचं?”

“ती माझ्या खोलीवर आहे,” तो म्हणाला.

“खोलीवर? कशाला?”

काय सांगणार? पाचव्या वर्षी खोलीतला जोडीदार नोकरी लागून गेला, त्याच्या जागी कोणी आलंच नाही. पेटीतून एक गोगलगाय उचलून नेणं ही चोरी होती, म्हणून ते लिहिता आलं नाही. ती टेबलावर असते. सकाळी निघताना तो तिला येतो म्हणतो. यातलं त्याने थोडंच सांगितलं, तेही अर्धवट, पण बाईंनी मान हलवली.

“जिवंत आहे?”

“झोपलीये.”

“कळतं कसं?”

“वजनावरून. जिवंत असेल तर फार हळू कमी होतं. मेली असेल तर आत सुकून नुसता शंख राहतो.”

“मग किती आहे वजन?”

“केलं नाही,” तो म्हणाला. “तीन वर्षं झाली.”

मग बाईंनी अर्ज ओढला आणि कारणाच्या रकान्यात सावकाश लिहिलं: ‘क्र. २७चे पुढे काय झाले याचा उल्लेख नाही. सबब, प्रबंध अपूर्ण.’ खाली शिक्का मारला.

“तुमचं ऑपरेशन होईपर्यंत विमा चालेल,” त्या म्हणाल्या. “पण मग हिचं लिहायचं. मी वाट बघणार आहे.”

सर रागावले, मग खोकी उचलणाऱ्यांच्या मागे धावत गेले आणि विसरले. निरोपाच्या भाषणात त्यांनी आजोबाचं नाव घेतलं, त्याच्या विषयाचं मात्र चुकीचं घेतलं.

बारा तारखेला शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयाच्या अर्जात ‘सोबतचे नातेवाईक’ या रकान्यात त्याने ‘येत आहेत’ असं लिहिलं होतं. नर्सने दोनदा विचारलं, “तुमच्यासोबतचे कुठेत हो?” दोन्ही वेळा तो म्हणाला, “चहा प्यायला गेलेत.” दुसऱ्यांदा नर्स म्हणाली, “फार चहा पितात बाई तुमची माणसं,” आणि त्याच्या उशीशी पाण्याचा ग्लास ठेवून गेली. आईचा फोन आला तेव्हा त्याने आवाज खणखणीत काढला.

“दमल्यासारखा वाटतोस रे.”

“काही नाही गं, जिना चढलो आत्ता.”

“झालं का तुझं?”

“होतंय. एक पान राहिलंय.”

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, सहा आठवडे दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. सत्तावीस नंबरचं शेवटचं नोंदलेलं वजन बारा ग्रॅम होतं. ही सबब त्याला चालण्यासारखी नव्हती, तरी त्याने ती तीन आठवडे चालवली.

चौथ्या सोमवारी सकाळी त्याने तिला रुमालावर घेतलं. खिशात नाही ठेवली. हातावर धरून, वाटेत कोणाचा धक्का लागणार नाही असा कडेकडेने चालत प्रयोगशाळेत गेला. तिथे एक नवी मुलगी पेट्या पुसत होती. “आजोबा, बरं आहे का आता?” तिने विचारलं. तो हो म्हणाला. वजनकाट्याची काच उघडली, शंख आत ठेवला, काच लावली. आकडे जरा वेळ खालीवर झाले.

तीन पूर्णांक एक ग्रॅम.

त्याने पुन्हा ठेवून पाहिलं. मग काटा शून्यावर आणून तिसऱ्यांदा ठेवला, कारण पद्धत तीनदा करण्याची होती. शंख काचेच्या उजेडात छान दिसत होता. तोंडाशी पडदा शाबूत होता. ती उठायला म्हणून सुद्धा बाहेर आली नव्हती.

पान लिहायला त्याला पूर्ण दिवस लागला. पाय, पंख आणि मीटिंग काढायला दहा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी त्याने रीतसर टोकन घेतलं आणि नंबर आल्यावर चारच्या खिडकीशी गेला. प्रबंध सादर केल्याची पावती आणि ते एक पान आत सरकवलं. पावतीवर बाईंनी शिक्का मारला. विमा आजपासून बंद, त्या म्हणाल्या, तब्येत सांभाळा. मग त्यांनी चष्मा नीट केला आणि पान उचललं.

त्यावर पाच ओळी होत्या. शेवटची अशी: ‘मृत्यूची तारीख नोंदवता आली नाही. संशोधक त्याच खोलीत राहत होता.’

मागे अठ्ठावन्न नंबरवाला चुळबुळत होता. बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं, ओठ हलवत. तो खिडकीशी उभा राहिला. वाचून झाल्यावर त्यांनी पान उलटून मागे काही आहे का पाहिलं. मागची बाजू कोरी होती. तीही त्यांनी बराच वेळ पाहिली.