ओढणीतली ओटी

बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या हंबीररावांच्या घरी लेकीची ओटी भरली की लेक निघालीच. मग आभाळ कोसळलं तरी पाऊल मागे घ्यायचं नाही, अशी तिथली रीत. म्हणूनच विजयमालाने त्या दिवशी मुद्दाम साडी नेसली नाही. पंजाबी ड्रेसला पदर नसतो, आणि पदरच नसेल तर ओटी भरणार कशात? पस्तिशीची, शाळेत गणित शिकवणारी बाई; पण जीव टांगणीला लागला की माणूस असल्या खुळ्या आशेलाही धरून बसतं.

चार दिवसांसाठी म्हणून ती माहेरी आली होती, आणि तिला परत जायचं नव्हतं. तिचा नवरा विक्रमसिंह सावली गावच्या कारखान्यातली ड्युटी संपवून चार वाजता तिला छाणीच्या घरी न्यायला येणार होता. आणि एवढ्या दिवसांत तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

विक्रमसिंहाबद्दल वावगं ऐकून घेणारे कान बडोद्यात मिळणं कठीणच. ईशान्येकडच्या दंगलींत दोन वर्षं बंदोबस्ताला राहून तो निमलष्करी दलातून परतला, तेव्हा समाजाच्या मंडळाने त्याला शाल-श्रीफळ दिलं. मंडळाचं काय जातंय? शालीखालचा माणूस विजयमालाच्या वाट्याला आला. तिकडे काय पाहिलं ते तो कधी सांगत नसे. झोपेतून दचकून उठे, आणि उठला की ती त्याला हवीच असे. ती नको म्हणाली की तिची मनगटं धरी, तोंडावर हात दाबी. सकाळी स्वतः चहा करून आणून देई. त्या चहाचा तिला सगळ्यात जास्त संताप येई.

तीन वाजता मन घट्ट करून ती वडिलांसमोर उभी राहिली. हंबीरराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. झोपाळ्यावर पेपर वाचत बसले होते.

"आबा, मला छाणीला नाही जायचं."

"भांडलात?"

"नाही. ते ऐकत नाहीत माझं. मी नको म्हटलं तरी..."

पुढचं बापाला कोणत्या तोंडाने सांगायचं? आबांना ते कळलं होतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत चढवला.

"माणूस काय काय बघून आलाय, बेटा. वेळ लागतो. आता तूच सांभाळून घ्यायचं." मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "अगं, ओटीचं ताट कर. जमाई येतील एवढ्यात."

सांभाळायचं म्हणजे नेमकं काय, हे तिला ओरडून विचारायचं होतं. ती आत गेली.

संयोगिताबाई, तिची आई, ताटात तांदूळ, नारळ, खण मांडत होत्या. बाहेरचं सगळं त्यांनी ऐकलं होतं.

"ओढणी पसर," त्या म्हणाल्या.

"आई, पाया पडते तुझ्या, ओटी भरू नकोस. ते जबरदस्ती करतात गं. कळतंय का तुला?"

"कळतंय." आईचा हात तांदळात तसाच राहिला. "एकोणनव्वद साली तुझे आबा श्रीलंकेतल्या लढाईवरून आले ना, तेव्हा मीपण अशीच डभोईला गेले होते. माझ्या आईकडे."

"आणि सांगितलंस तिला?"

"सगळं सांगितलं. काही ठेवलं नाही."

फाटकाशी हॉर्न वाजला. पाठोपाठ विक्रमसिंहाचा हसरा आवाज आला, "केम छो, आबा? मजामां?" आबाही हसले आणि झोपाळ्यावरून उठले.

"मग आजी काय म्हणाली?" विजयमालाने घाईघाईने विचारलं.

आईने तिच्या खांद्यावरची ओढणी ओढून पुढे पसरली आणि त्यात नारळ ठेवला. वर ओंजळभर तांदूळ घातले.

"काही नाही. तिने ओटी भरली," आई म्हणाली. "पुढच्या वर्षी तू झालीस."

तांदूळ सांडायला लागले, तशी विजयमालाने ओढणीची टोकं दोन्ही हातांनी धरली.