पाहुण्यांसाठी आणलेलं पाणी

अणुवीज केंद्राचं सांडपाणी ज्या नाल्यात सुटे, त्याच्या काठच्या विहिरींचं पाणी तपासायचं काम सुनीतीकडे होतं. इंदूबाईंची विहीर घरामागे, कपाशीला लागून. सुनीती ओसरीवर टेकायची आणि इंदूबाई नमुन्याची बाटली भरून आणायच्या. पाणी दरवेळी निर्दोष निघे.

त्या सोमवारी ती पाय धुवायला मागे गेली, तर इंदूबाई विकतच्या जारमधून बाटली भरत होत्या.

"हे काय, इंदूबाई?"

"विहिरीचं मचूळ लागते, म्याडम. पाहुण्याच्या हाती थे कसं देऊ? तुमच्यासाठी घाटंजीहून जार आणतो."

"आणि घरात?"

"आमाले चालते विहिरीचं."

सुनीतीने स्वतः बादली सोडून नमुना घेतला. प्रयोगशाळेत त्यातला किरणोत्सर्ग मर्यादेच्या कितीतरी वर निघाला. तशीच ती इंदूबाईंकडे परत आली. दारात इंदूबाईंची सून प्रियंका उभी होती, दिवस भरत आलेली.

"विहिरीचं पाणी आजपासून पिऊ नका," सुनीती कशीबशी म्हणाली.

"काहून?" इंदूबाईंना कळेना. "तुमीच तं दरवेळी सांगत होत्या, पाणी चांगलं हाय म्हणून. तुमच्याच भरवशावर सुनेले थे पाजलं."