दोन मुठी मैदा

सूनबाईंच्या रक्ततपासणीतला आकडा काही खाली यायला तयार नव्हता. सीलिॲक म्हणतात त्या आजाराला. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की आतडं आतून झिजतं. गोळी नाही, इंजेक्शन नाही, पथ्य हेच औषध. बाईने आठ महिने डोळ्यांत तेल घालून पथ्य पाळलं होतं. तवा वेगळा, चाळणी वेगळी, तांदळाच्या पिठाचा डबा वेगळा. आधी दोनदा दिवस राहून गर्भ पडला होता, आणि त्यामागेही हाच आजार असावा, असं डॉक्टरीणबाईंचं मत होतं. आतडं भरून येईपर्यंत मुलाचा विचार करायचा नव्हता.

त्या दिवशी रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "चोरून काही खाता का हो?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. तिथेच रडू आलं.

घरी येऊन तिने पिठाचा डबा उघडला. ती दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला. दिवसभर हात पावडरींमध्येच. तांदळाचं पीठ बोटांना रवाळ लागतं, हे मऊ लागलं. तिने मूठभर भिजवलं, मळलं आणि गोळा नळाखाली धरला. नुसता तांदूळ असता तर सगळा वाहून गेला असता. हातात ग्लुटेनची चिकट, रबरासारखी गोळी उरली.

सासूबाई मागे उभ्याच होत्या. नाकारायची तसदीही त्यांनी घेतली नाही.

"दर डब्याला दोन मुठी मैदा घालते मी," त्या म्हणाल्या. "चार महिने झाले. तुझी थेरं एकदा उघडी पडायला हवी होती. एवढं खाऊन उभी आहेस की धडधाकट."

धडधाकट म्हणे! केस मुठीने गळत होते, पोट धरून बाई कारखान्याच्या संडासात बसत होती, आणि ही बया चुलीपाशी बसून हिशेब लावत होती, मेली का अजून.

"आई, मी तुला म्हटलं होतं, पुरे कर आता," नवरा मोबाईलवरून मान वर न करता म्हणाला. म्हणजे या शहाण्यालाही ठाऊक होतं.

सूनबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने डबा रिकामा केला, घासला, नवं पीठ आणलं आणि कपाटाला कुलूप घातलं. पंधरा दिवस ती अशी गोड वागली, की सासूबाईंना वाटलं, जिरली.

सोळाव्या दिवशी दुपारी जेवताना तिने त्यांना भात वाढला, आणि शांतपणे म्हणाली, "आई, मीपण तुमच्या खाण्यात थोडं काहीतरी घालतेय. पंधरा दिवस झाले. बघत होते, काही होतंय का."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "काय घालतेस?"

"थोडंसंच."

घातलं काहीच नव्हतं. मीठसुद्धा जास्तीचं नाही. पण सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळपर्यंत त्यांना उलट्या झाल्या, दोन दिवसांत हाताला मुंग्या. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही सापडलं नाही, त्याने तर त्या जास्तच हबकल्या. सूनबाईंना बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

मग सासूबाई फक्त साल असलेल्या वस्तू खायला लागल्या. उकडलेलं अंडं, केळं, संत्रं. तेही स्वतः सोलून. पाण्याची बाटली उशाशी. लेक बायकोच्या हातापाया पडला. "एकदा सांगून टाक गं, काय होतं ते."

"चार महिने तू गप्प बसलास," ती म्हणाली. "आणखी थोडे दिवस बस."

चार महिन्यांनी तिचा आकडा निम्म्यावर आला. डॉक्टरीणबाई हसल्या. असंच चालू राहिलं तर पुढच्या रिपोर्टनंतर मुलाचं बघू, म्हणाल्या.

ती घरी आली तेव्हा सासूबाई दारातच बसल्या होत्या. गळ्याची हाडं वर आलेली, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. त्यांनी तिचा हात धरला.

"चुकले मी. पाया पडते तुझ्या. काय घातलं होतंस, तेवढं सांग. मला नीट जेवू दे गं."

एक शब्द पुरला असता. तो तिच्या ओठांवर आलाही. तिने चपला काढल्या, रिपोर्ट पर्समध्ये नीट घडी घालून ठेवला.

"पुढचा रिपोर्ट चांगला येऊ दे, आई," ती म्हणाली. "मग सांगते."