केसभर वळलेला दात

कवळीवाल्याला परक्या माणसांच्या कामाची भारी उत्सुकता. त्याचं स्वतःचं काम असं की, दातांचे डॉक्टर साचे पाठवत, तो आपल्या एका खोलीच्या कारखान्यात मेण तापवून त्यात दात रोवत बसे, आणि पुढे ते दात कुणाच्या हसण्यात गेले याचा त्याला पत्ताही नसे. म्हणूनच असेल कदाचित, फोनवरच्या एका चर्चेच्या पानावर त्यानं एकदा सहज विचारलं होतं, ‘तुमच्या कामातलं असं काय आहे, जे बाहेरच्याला कधीच कळत नाही?’ आणि माणसं भडाभडा बोलू लागली. क्रेन चालवणाऱ्या एकानं सांगितलं की, वर एकट्यानं गाणी म्हणायची इतकी सवय होते, की खाली आल्यावर घरच्यांशी बोलणं सुचत नाही. प्रेतांना आंघोळ घालणाऱ्या एका बाईनं लिहिलं, पाणी कोमट आहे ना, हे ती अजूनही आधी हात घालून बघते. ते वाचून कवळीवाला दिवसभर हळवा झाला होता. उलट त्याला मात्र कुणी कधी काही विचारलं नव्हतं, आणि त्याची त्याला खंतही नव्हती.

खंत होती ती बायकोला. “अहो, साऱ्या जगाची विचारपूस करता, जरा माझीही करा की! ही दातांची प्लेट हिरडीला टोचतेय कधीची.”

“उद्या बसतो तुझ्याच कामाला, नक्की,” तो म्हणे, आणि मान पुन्हा फोनमध्ये.

जिन्यावरून पडून तिचे वरचे पुढचे चार दात गेले होते. ती प्लेट त्यानंच केली होती, स्वतःच्या हातानं, आणि करताना रडला होता. कारण लग्नाआधी पहिल्यांदा ती हसली, तेव्हा तिचा समोरच्या दोन दातांशेजारचा डावा दात केसभर वळलेला त्याला दिसला होता, आणि तिथेच गडी घायाळ झाला होता. प्लेटमध्ये त्यानं तो दात तसाच वळवला. पुढे हाताला खोडच लागली. कुणाचीही कवळी असो, डावा दात केसभर वळवायचाच. अगदी सरळ दात खोटे दिसतात, असं तो डॉक्टरांना सांगे. खरं कारण त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, तिलासुद्धा नाही.

त्या सोमवारी दुपारी मेण तापायची वाट बघत त्यानं फोन उघडला. नवं उत्तर आलं होतं.

‘मी कवळ्या बनवतो. प्रत्येक कवळीत उजवा दात केसभर वळवतो. माझ्या बायकोचा तसा होता.’

कवळीवाल्याला आधी हसू आलं, आपल्यासारखाच एक वेडा भेटला म्हणून. त्यानं उत्साहानं विचारलं, ‘होता म्हणजे?’

‘जिन्यावरून पडली. पुढचे चार गेले.’

आता त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. योगायोग असतात, त्यानं स्वतःला समजावलं, जगात जिने काय थोडे आहेत! त्यानं लिहिलं, ‘मग तुम्हीच करून दिले असतील दात?’

‘हो. पण प्लेट टोचते म्हणत होती कधीची. फार दिवस तिच्याकडे कुणी बघितलं नाही. आज जेवायच्या सुट्टीत घरी जाऊन नवी बसवली. खूप वेळ तिच्याजवळ बसलो. फार बरं वाटलं तिला.’

कवळीवाला उठून उभा राहिला. तेवढ्यात आणखी एक ओळ आली.

‘आता तुमचं सांगा. तुम्ही काय काम करता?’

त्यानं ‘मी’ एवढंच लिहिलं, आणि फोन खिशात टाकला. मेणाखालची ज्योतही न विझवता तो बाहेर पडला, आणि अर्ध्या रस्त्यातून ती विझवायला परत आला. एवढं भान होतं म्हणजे आपण ठीक आहोत, असं त्याला वाटलं. मग मात्र तो जवळजवळ धावतच सुटला. तिची प्लेट आजच्या आज, तिच्यासमोर बसून नीट करायची, दुसरं काही नाही, हे एकच तो घोकत होता.

दार तिनं उघडलं, आणि त्याला बघून ती हसली. कितीतरी दिवसांनी ती अशी मोकळी हसली होती.

उजवा दात केसभर वळलेला होता.

“पुन्हा आलात?” ती म्हणाली. “अहो, अगदी मस्त बसलीय, जरासुद्धा टोचत नाही. आणि किती बोललात आज माझ्याशी! मला वाटलं, विसरलातच मला.”

समोरच्या भिंतीवर लग्नाचा फोटो होता, त्यात ती आपल्या खऱ्या दातांनी हसत होती. त्या फोटोकडे मान वर करून बघायचं धाडस त्याला झालं नाही.

“असे दारात काय उभे? या ना आत,” म्हणत ती स्वयंपाकघरात गेली आणि पाण्याची वाटी घेऊन आली. वाटीच्या तळाशी त्यानं केलेली प्लेट होती, डावा दात केसभर वळलेला.

“ही जुनी,” ती म्हणाली, “आता टाकून देऊ ना?”