काटे काढायला शिका

घड्याळवाले काका तणतणतच वाचनालयात शिरले. तणतणणारच ना! दवाखान्याने भिंतीवर कागद डकवलेला, त्याचा वरचा भाग कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीच्या जाहिरातीखाली गेला, आणि खाली उरलं काय, तर "काटे काढायला शिका, अगदी फुकट! वाचनालयात या." आता अख्ख्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारे काका एकटे. म्हणजे सरळ पोटावर पायच की!

"कोण शिकवतंय इथे माझा धंदा?" काका दारातूनच गरजले.

आत लांब टेबल, त्यावर बर्फात मासे, आणि दवाखान्याच्या सिस्टर हातमोजे घालून उभ्या! "या, या काका! घड्याळाचे नाही हो, माशाचे काटे. काट्यांच्या भीतीने लोक मासेच आणत नाहीत, म्हणून हा वर्ग."

सगळे खो खो हसले. काकांचे कान लाल! पळायचंच होतं, पण पाय निघेना. घरी नात होती ना. तिच्या घशात एकदा काटा अडकला आणि तेव्हापासून घरात मासा बंद. पोर पार हडकलेली. सिस्टर सांगून थकल्या, "मासे द्या तिला." काकांचं आपलं एकच, "पुन्हा अडकला तर?"

काकांनी हळूच खिशातून चिमटा काढला.

"आधी धुवून आणा तो!" सिस्टर म्हणाल्या. आणि मग, "अहो, एवढं काय खेचताय? मेलाय तो आधीच!"

तुकडीचा पार भुगा.

"बोट फिरवा. टोचलं? काटा जिकडे कललाय तिकडेच ओढायचं. सावकाश."

दुसरीही फाटली. तिसरीतून मात्र काटा सुळकन बाहेर! मग काय, काका उठेचनात. शेवटी सिस्टरनीच चार तुकड्या बांधून दिल्या.

रात्री नात ताटासमोर तोंड गच्च मिटून बसली.

"आजोबा, काटा?"

"तूच शोध बरं."

तिने बोटाने सगळा मासा चाचपला. काही टोचेना. मग एवढासा घास तोंडात. काकांचा श्वास अडकलेला! तिने चावलं, चावलं, गिळलं... आणि दुसरा घास घेतला!

सकाळी काका धावत दवाखान्यात. आभाराचं भाषण पाठ केलेलं, पण सिस्टर दिसल्या आणि सगळं विसरले.

"सिस्टर, संपवलं हो तिने!"

सिस्टरनी हातातली सुई खाली ठेवली. "सगळं?"

"ताट चाटूनपुसून! तुमच्यामुळे..." सिस्टरनी त्यांचा हात घट्ट धरला.

बाही वर करून बसलेला पेशंट म्हणाला, "होऊ द्या तुमचं निवांत. मला काही घाई नाही."