गवंड्याची म्हैस

गवंडी गेला त्याला नऊ दिवस झाले होते, आणि त्याच्या बायकोचं म्हशीशी उघड भांडण चाललं होतं.

"खा की गं मेले! तुझा काय नवरा गेलाय?" म्हणत तिनं वैरणीची पेंढी गव्हाणीत आपटली. म्हशीनं मान फिरवली. चार दिवस तिनं पान्हा चोरला होता. सड ओढून ओढून बाईचे अंगठे सुजले, पण बादलीचा तळ काही झाकेना.

भेटायला येणारी माणसं घरात टेकायची आणि नजर गोठ्याकडं लावायची. "मुकं जनावर, पण कसं झुरतंय बघा!" नणंद तर म्हशीच्या गळ्यात पडून रडली. बाईला मात्र रडूच येत नव्हतं, आणि ते सगळ्या गावाला दिसत होतं.

दुखणं जुनंच होतं. पाच वर्षांपूर्वी ही दावणीला आली. कानामागून आली आणि तिखट झाली. गवंडी घरात तोंडाला कुलूप लावून जेवायचा.

"मीठ झालंय का बरोबर?"

"हं."

सकाळी गोठ्यात शिरला की मात्र तासभर गुळूगुळू बोलणं. चुलीपाशी शब्द कळायचे नाहीत, नुसतं त्याचं हसणं यायचं. त्यापेक्षा सवत परवडली असती. तिच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या.

शेवटी तिनं व्यापारी बोलावला. तो दावं सोडत होता तेवढ्यात शेजारचा लोहार हात पुसत आला. त्याची भट्टी गोठ्याच्या भिंतीला लागूनच.

"वहिनी, विकताय? दादाला काय वाटलं असतं?"

"हिलाच विचारा. हिलाच सगळं सांगायचे ना ते."

"सांगायचा खरा. मला रोज ऐकू यायचं."

"काय सांगायचे?" बाईचा आवाज चिरला.

"तुमचंच की! आज हिचा गुडघा ठणकतोय, चुलीचा ओटा उंच करून द्यायला पाहिजे. काल केस धुऊन उन्हात बसली होती, छान दिसतेस म्हणावं तर जीभच उचलेना. एकदा म्हणाला, तू बरी, लाथ मारून मोकळी होतेस. ती रुसली की मला घर खायला उठतं."



"मग हे मला सांगायला दातखीळ बसली होती काय त्या माणसाची?" बाई ओरडली, आणि ओरडता ओरडता तिला रडू फुटलं. नऊ दिवसांचं एकदम.

व्यापारी हळूच म्हणाला, "मावशी, नेऊ का?"

"हात लावशील तर बघ! माझं एवढं सगळं हिच्या पोटात आहे. ते दुसऱ्याच्या दावणीला जाऊ देऊ होय?"

माया आली म्हणावं तर तसंही नाही. संध्याकाळी ती धारेला बसली, तेव्हा म्हशीनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

"बघतेस काय?" बाई म्हणाली. "आणखी काय काय म्हणाले, ते थोडंच सांगणार आहेस तू?"

दूध तांब्याभरच आलं.