खाजणाच्या झडपेचा सूड

मित्रांनो, मला बघून तुम्ही नाक मुरडाल. मुरडा खुशाल. मी एक झडप आहे. अर्धी जळलेली, काळी पडलेली, खिळे वर आलेली. पण माझी हकीकत ऐकल्याशिवाय इथून हलायचं नाही. माझा राग अजून गेलेला नाही आणि तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आमचं गाव मालवणच्या किनाऱ्यावर, खाडीकाठचं. खाडीला लागून सखल जमीन आहे, तिला आम्ही खाजण म्हणतो. खाडी आणि खाजण यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि त्या बांधाच्या तोंडावर मी. शिवा सुताराने ऐनाच्या जाड फळ्या जोडून मला घडवलं आणि वरच्या कडेने टांगलं. भरती आली की पाण्याच्या रेट्यानेच मी बंद व्हायची. सुकती लागली की शेतात साचलेलं पावसाचं पाणी मला ढकलून खाडीत जायचं. खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम. पण त्याच कामावर जानकीच्या घरात भात शिजत होता.

खाजण नगरपालिकेच्या मालकीचं, पण कसायची ते जानकी. तिचा नवरा गलबतावर असायचा, वर्षातून एकदाच घरी यायचा. दर वर्षी मिरगाच्या आधी तिचा सासरा माझ्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा आणि घरातली सगळी माणसं हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणायची. खोटं कशाला बोलू, तेव्हा माझी छाती फुगायची.

पुढे रेडीला खनिजाच्या बोटी लागू लागल्या, आमच्याही गावात पैसा खेळू लागला आणि घरांना जागा पुरेना. नगरपालिकेचं लक्ष खाजणावर गेलं. एस.टी.चा स्टँड आणि बाजार करावा, घरांसाठी प्लॉट पाडावेत, की जमीन आहे तशी शेतीला ठेवावी? वाद रंगला. अध्यक्ष होते भाई. त्यांच्या वडिलांची गलबतं होती, तेव्हा भरती-सुकती त्यांना कुणी शिकवायला नको. पण खाडीचा वारा खात बसायला ऐसपैस ओटा असलेलं घर त्यांना हवं होतं, आणि ते प्लॉट पाडल्याशिवाय होणार नव्हतं.

पाहणीचा दिवस ठरला दशमीचा. आवसेला शुभकामाची सुरुवात कोण करतो! आणि उधाण येतं ते आवसेलाच; दशमीला असतो भांग, म्हणजे भरतीचा जोर सगळ्यात कमी. भरती येते ती मांजरासारखी, पावलं न वाजवता. बांधावर उभे राहून सगळ्यांनी कोरडी जमीन बघितली आणि माना डोलावल्या.

जानकी पदर खोचून पुढे आली. "भाईनू, दसमेक खाजान बघून काय कळतला? आवसेक येवा."

"आवसेक कोण शुभकाम करता गो?" भाई हसले. मग बाकीचेही हसले. त्यांच्यात बाबली तांडेल होता, ज्याचा जन्म होडीत गेला. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. सगळ्यांना ठाऊक होतं, मित्रांनो! ठाऊक असून एकानेही तोंड उघडलं नाही.

प्लॉट पाडायचे ठरले. जानकीचं शेत गेलं. ती रडली नाही. "माझ्या तोंडातलो घास काढलात," एवढंच म्हणाली आणि घरी गेली.

आणि माझं काय केलं? "शेत नाय, मगे झडप कित्याक?" म्हणून भाईंनी मला उपटून काढलं. आपलं नवं घर बांधलं आणि दारापुढच्या गटारावर मला आडवी टाकली. जिच्यापुढे नारळ ठेवायचे तिच्यावर आता चिखलाचे पाय! कुणी वर पान खाऊन थुंकायचं. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. मी मनात म्हणायची, थांबा, येईल माझा दिवस.

तो आषाढाच्या आवसेला आला. भर दुपारची भरती आणि वरून मुसळधार पाऊस. बांधाच्या तोंडावर आता अडवायला कोण होतं? खाडी सरळ आत शिरली. गटार भरलं, मी तरंगले आणि तरंगता तरंगता सगळं डोळे भरून बघितलं. भाईंच्या ओट्यावरून पाणी माजघरात गेलं. तांदळाचे डबे, गाद्या, जाजम, सगळं भिजलं. भाई कमरेएवढ्या पाण्यात देव्हाऱ्यातले देव छातीशी धरून उभे होते. मला दया आली का? छे! मला बरं वाटलं.

ओहोटीने मला जानकीच्या कुंपणाशी नेऊन टाकलं. तिने मला ओळखलं, धुतलं आणि पडवीत उभी केली.

मग नगरपालिका पुन्हा बसली. या वेळी कुणी वाद घातला नाही. उरलेली जमीन शेतीलाच ठेवायची, बांध दुरुस्त करायचा, झडप परत बसवायची, असा ठराव झाला. तो सांगायला भाई स्वतः जानकीच्या खळ्यात आले. "झाला ता झाला गो. झडप परत बसय. खाजान तुकाच दिलंव."

जानकीने त्यांना बसायलाही सांगितलं नाही. "मिठान मारलेल्या जमनीत भात कधी येतला? तवसर मी फुकट तुमचो ओटो राखू?"

"मगे आमी करूचा काय?"

"ता तुमी बघा. ही झडप माझ्या चुलीत जळतली, पण तुमच्या दारातला पाणी अडवक मी देवचंय नाय."

बोलल्याप्रमाणे तिने केलं. माझ्या फळ्या एकेक करून सुटत आहेत. दुसरी झडप म्हणे मंजूर झाली आहे, पण ती बसवायला कोण जाणार यावर अजून भांडण चालू आहे.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, खुर्चीवर बसाल, मोकळ्या जमिनीचं काय करायचं ते ठरवाल. तेव्हा तिच्यावर जे जगतं आणि तिला जे जगवतं, त्याला आधी विचारा. आम्ही मुकाट काम करतो म्हणून आम्हाला लाथाडू नका. आमचा राग सावकाश येतो, पण तो घरात शिरतो.

जानकीने पेजेचं आधण ठेवलं आहे. ती मला चुलीत सारायला येते आहे. सारू दे. शेजारून भाईंच्या घरातला आवाज ऐकू येतो आहे का? भरतीची वेळ झाली, ट्रंका माळ्यावर चढवत आहेत.